कोऱ्या कापडाची खळ आणि पिशवीवरचा रंग

आजचं बोलणं पिशव्या शिवणाऱ्या गटांसाठी आहे. शिलाई तुम्हाला येते, ती मी काय शिकवणार? मी बोलणार आहे ते छपाईच्या आधी कापडाला काय करावं लागतं त्याबद्दल.

२०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि बऱ्याच गटांनी कापडी पिशव्या शिवायला घेतल्या. आता गिऱ्हाईक नुसती पिशवी मागत नाही. दुकानाचं नाव हवं, लग्नाच्या आहेराची पिशवी असेल तर नवरा-नवरीचं नाव हवं, कुणाला फोटोच हवा. पन्नास-शंभर नगांसाठी स्क्रीनची छपाई परवडत नाही, कारण प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन बनवावी लागते. मग आपण जातो डिजिटल छपाईवाल्याकडे, म्हणजे इंकजेट. कॉम्प्युटरवरचं चित्र थेट कापडावर. घरी आणल्यावर पिशवी छान दिसते. गिऱ्हाईक पहिल्यांदा धुतं आणि अर्धा रंग बादलीत. ऑर्डर परत येते, कापडाचे पैसे गेले, छपाईचे गेले, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. गट म्हणतो छपाईवाल्यानं फसवलं, छपाईवाला म्हणतो शाई चांगली होती. पुष्कळदा शाई चांगलीच असते. दोष असतो कापडाच्या अंगावर.

आपण मालेगाव भागातल्या बायका. कुणाच्या घरात माग आहे, कुणी कांड्या भरते, कुणाच्या शेजारी दिवसरात्र खडखडाट चालू आहे. मालेगावचं कापड मागावरून उतरतं ते कोरं. व्यापारी त्याला ग्रे म्हणतात. यातलं बरंच कापड पुढच्या प्रक्रियेला बालोतरा, पालीकडे जातं आणि रंगून, छापून, चौपट दिमाखानं बाजारात येतं. आपल्याला मात्र इथेच तागा स्वस्तात मिळतो, म्हणून आपण तो आणतो, कापतो आणि शिवतो. पालीला त्या कापडाचं पहिल्या दिवशी जे होतं, तेच आपण वगळतो.

मागावर उभे धागे हजारो वेळा घासले जातात. ते तुटू नयेत म्हणून सायझिंगमध्ये त्यांना खळ लावतात. पूर्वी हातमागावर पांजणी करायचे, त्यातलाच हा प्रकार. सुती धाग्याला बहुधा स्टार्चची खळ असते, म्हणजे आपल्या भाताच्या पेजेची बहीण. शिवाय कापसाच्या अंगातच थोडं मेण असतं, निसर्गानं दिलेलं. कोऱ्या कापडावर पाण्याचा थेंब टाका, अळवाच्या पानावर राहावा तसा तो वरच डुलत राहतो. पाण्याची ही गत, तर पाण्यात कालवलेली शाई आत कशी जाणार?

पण खरी खोच पुढे आहे. सुती कापडावर पक्का रंग देणाऱ्या शाईला रिअ‍ॅक्टिव्ह शाई म्हणतात. हा रंग कापसाला चिकटून बसत नाही, त्याच्याशी जोडलाच जातो, म्हणून धुऊन जात नाही. आता स्टार्च आणि कापूस हे रसायनाच्या दृष्टीनं सख्खे चुलतभाऊ. रंगाला दोघांतला फरक कळत नाही. खळ अंगावर असेल तर तो आधी खळीशीच सोयरीक करतो. पहिल्या धुण्यात खळ निघाली की रंग तिच्याबरोबर निघाला. म्हणजे रंग पक्काच होता, पण चुकीच्या घरी नांदायला गेला होता.

तेव्हा पहिलं काम खळ काढण्याचं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागायला लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. लाळेतलं एन्झाइम स्टार्चची साखर करतं. तसंच एन्झाइम कापडासाठी रंग-रसायनांच्या दुकानात मिळतं. किती घालायचं, पाणी किती गरम ठेवायचं हे पुडक्यावर पाहा आणि तेच करा. उकळत्या पाण्यात टाकू नका. उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, तसं हेही निकामी होतं. कापड त्यात भिजत ठेवायचं, मग खळखळून धुवायचं. त्यानंतर धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर उकळायचं, परटाच्या भट्टीसारखं, म्हणजे मेणही सुटतं. कारखान्यात यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात. घरी, पोरं हिंडतात तिथं, तो आणूच नये असं माझं मत आहे. कातडी जाळतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जातो. धुण्याच्या सोड्यानं काम थोडं कमी होईल, पण पिशवीपुरतं होईल.

खळ गेली की नाही ते कसं ओळखायचं? औषधाच्या दुकानात जखमेला लावायचं आयोडीन मिळतं. त्याचे दोन-चार थेंब वाटीभर पाण्यात टाका आणि त्यातला एक थेंब कापडाच्या कोपऱ्यावर सोडा. निळा-काळा डाग पडला तर खळ आहे. पिवळट राहिला तर स्टार्चची खळ गेली. पोरांनी शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग, तोच. दुसरी तपासणी साध्या पाण्याच्या थेंबाची. पाच सेकंदांच्या आत थेंब गोल पसरून आत जिरला पाहिजे. तागा लांब असतो, म्हणून एकाच कोपऱ्यावर भरवसा ठेवू नका, दोन्ही टोकांना आणि मध्येही पाहा.

याच वेळी कापड आटतं, हा आणखी एक फायदा. कोरं कापड कापून शिवलं आणि मग धुतलं, तर मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर सहज जातात आणि पिशवीचं तोंड वाकडं होतं. तुकड्यावर ५० सेंटिमीटरची खूण करा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. तुमच्या ताग्याचा हिशोब तुम्हालाच कळेल. म्हणून आधी धुणं, मग छपाई, आणि शिलाई शेवटी. शिवलेल्या पिशवीवर शिवण आणि घडी आडवी येते, छपाई नीट बसत नाही.

आता दुसरा टप्पा. अंगण झाडून झालं, पण सारवल्याशिवाय रांगोळी उठत नाही, तसंच हे. स्क्रीनच्या छपाईत रंगाच्या लगद्यातच सगळी औषधं कालवलेली असतात. इंकजेटची शाई जवळजवळ पाण्याइतकी पातळ, आणि ती डोळ्यालाही दिसणार नाही अशा छिद्रांतून उडते. तिच्यात घट्टपणा घातला तर छिद्रं बुजतात, सोडा घातला तर रंग बाटलीतच खराब होतो. म्हणून ही औषधं आधी कापडालाच पाजतात आणि कापड वाळवतात. घट्टपणासाठी समुद्री शेवाळापासून काढलेला सोडियम अल्जिनेट हा डिंकासारखा पदार्थ, म्हणजे थेंब फुटत-पसरत नाही. (स्टार्च का नाही, ते वर आलंच.) रंग जोडला जावा म्हणून सोडा. आणि युरिया.

हो, युरियाच. छापलेलं कापड साधारण १०२ अंशांच्या वाफेत आठ-दहा मिनिटं ठेवतात, तेव्हा युरिया ओल धरून ठेवतो आणि त्या ओलीत रंग विरघळून धाग्यात शिरतो. पावसाळ्यात युरियाची फुटलेली गोणी कशी पाझरते ते आपण पाहतोच, त्याच गुणाचा हा उपयोग. पण शेतातला युरिया यासाठी उचलू नका. २०१५पासून तो सगळा नीमलेपित येतो, आणि अनुदानाचं खत कारखान्याच्या कामाला वापरणं हा गुन्हा आहे. या कामाचा युरिया वेगळा विकत मिळतो.

ही दुसरी पायरी, वाफ आणि नंतरचं गरम पाण्याचं धुणं, गटानं घरी करायचं काम नाही. ते यंत्रावरच सारखं होतं. गटानं खळ काढावी, तपासावं आणि पुढचं छपाईवाल्यावर सोपवावं. मात्र त्याला विचारायचं: शाई कुठली, रिअ‍ॅक्टिव्ह की पिगमेंट? कापडाला आधी काय लावता? नंतर वाफ देता का? उत्तर देताना तो चाचरला तर एकच तुकडा छापून घ्या, घरी तीनदा धुवा, आणि मगच शंभराची ऑर्डर द्या.

पिगमेंट शाईचं गणित वेगळं. तिच्यात रंगाची बारीक भुकटी तरंगत असते. त्याआधी कापडावर एक पाण्यासारखं द्रावण फवारतात, त्यात बहुधा कॅल्शियमचा क्षार असतो. दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं, तशी शाई त्याला लागताच जागीच साकळते आणि रंग वर उठून दिसतो. मग गरम प्रेसनं दाबून तो पक्का करतात. छोट्या ऑर्डरीला हे बरं. फवारा मात्र सगळीकडे सारखा हवा, नाहीतर रंगात ठिपके दिसतात.

आणि कापड सुती आहे ना, हेही पाहा. मालेगावात पॉलिस्टरही भरपूर विणलं जातं. दोन धागे चिमट्यात धरून पेटवा, खाली पाण्याची वाटी ठेवा. कागदासारखा जळून राख झाली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. पॉलिस्टरवर कागदावरून गरम प्रेसनं उतरवायची सब्लिमेशन छपाई चालते, ती सुतावर टिकत नाही. आणि नॉन-वोव्हन पिशवी कापडासारखी दिसली तरी प्लास्टिकच आहे, तिचा या हिशोबात विचार करू नका.

यात नवीन असं यंत्रच आहे, विचार जुना आहे. खानदेशाच्या वर, धार जिल्ह्यात बाग गावी ठशांची छपाई होते. तिथले खत्री कारागीर कापड मीठ, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्यांच्या पाण्यात मळून ठेवतात, धुतात, मग हिरड्याच्या पाण्यातून काढतात. त्यानंतरच ठसा उचलतात.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. औषध पाजलेलं कापड छपाईवाल्याकडून आणून घरी साठवू नका, पावसाळ्यात तर नाहीच, ते ओल ओढतं आणि वाया जातं. आणि खळीचं, सोड्याचं पाणी विहिरीजवळ किंवा जनावरं पितात तिथे ओतू नका. प्रत्येक ताग्याचा तपासलेला तुकडा वहीत चिकटवा, त्याखाली तारीख, दुकान आणि थेंब किती सेकंदांत जिरला ते लिहा. पुढच्या वेळी भाव करायला दुकानात जाल, तेव्हा ती वही पिशवीत घेऊन जा.