मांजराने झुरळ खाल्ले तर?



गेल्या बैठकीत एका भगिनीने मला हळूच विचारले, "आमच्या मांजरीने झुरळ खाल्ले, तिला काही होईल का हो?" आजूबाजूच्या चौघी हसल्या. मला हसू आले नाही. त्याचे कारण आज सांगते.

माशी, नाकतोडा, पहिल्या पावसात दिव्याभोवती जमणारे वाळवीचे पंखवाले किडे मांजराने मटकावले तर बहुधा काही बिघडत नाही. झुरळाचे पाय-पंख घशाला टोचले तर ते ओकून टाकते, इतकेच. मात्र झुरळ-रातकिड्यांतून कधी जंतही पोटात जातात. ओकाऱ्या थांबेनात तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. मधमाशी तोंडात डसली तर सूज येते. आणि भिंतीवरची पाल? ती विषारी, असे आपण आजीपासून ऐकत आलो. ती विषारी नसते; पण उष्ण प्रदेशात पाल खाल्ल्याने मांजराच्या यकृतात एक चपटा कृमी शिरू शकतो, एवढे खरे.

खरी भीती किड्याची नव्हे, आपण किड्यावर जे मारतो त्याची. एका दिवाळीच्या साफसफाईत मी ओट्याखाली झुरळांच्या खडूच्या जाड रेघा ओढल्या. आमची मनी रात्रभर तिथे अर्धमेल्या झुरळांशी खेळली आणि सवयीप्रमाणे पंजे चाटीत बसली. सकाळी पाहते तो तोंडातून लाळ गळते आहे, सारे अंग थरथरते आहे. उलटी व्हावी म्हणून मी मिठाचे पाणी पाजायला निघाले होते. सुनेने हात धरला म्हणून बरे. त्याने जीव अधिकच धोक्यात येतो, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिला कोमट पाण्याने, साबणाने धुतले, इंजेक्शन दिले, उबेत ठेवले. अशा खडूतले औषध माणसाचे किंवा कुत्र्याचे यकृत निकामी करून टाकते, मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. म्हणूनच कुत्र्याच्या गोचिडांचे औषध मांजराला कधीही लावू नये.

तिसऱ्या दिवशी मनीने दूधभात खाल्ला. तेव्हा मी ओट्याशी बसून रडले, हे घरात कोणाला ठाऊक नाही.

आता खरकटी भांडी रात्री ठेवीत नाही, मोरीला जाळी बसवली, फटी बुजवल्या. तरी दोन-चार झुरळे निघतातच. मनी धरते. मी धरू देते.