उन्हावरचे घड्याळ किती टिकते?

श्रोतेहो, उन्हावर चालणारे घड्याळ म्हटले की वाटते, आता किल्ली नको नि सेलही नको. १९७६ साली जपानच्या सिटिझन कंपनीने असे काट्यांचे घड्याळ काढले. काटे फिरवायला वीज ती कितीशी लागणार! खेळाडूंच्या घड्याळाची भूक मात्र मोठी. ते नाडी मोजते, उपग्रहांवरून ठिकाण काढते. गार्मिन कंपनीचे २०२० सालचे ‘फेनिक्स ६ प्रो सोलर’ घ्या. कंपनीचाच हिशेब असा, की उन्हाविना १४ दिवस, उन्हासह १६. म्हणजे वरकड मिळाले दोनच दिवस! तेही रोज तीन तास ५०,००० लक्सच्या उजेडात मनगट उघडे राहिले तर. गुरुजी, तुमच्या वर्गात ५०० लक्स भरले तरी पुष्कळ.

आता वर्षांचे बोलू. आतला लिथियमचा सेल भरता-रिकामा होता झिजतो. ऊन थोडा भार उचलते, तेवढी झीज वाचते. पण सेलचा खरा वैरी उष्णता. म्हणून चार्ज होईल या आशेने घड्याळ पत्र्यावर किंवा मोटारीच्या काचेमागे तापत ठेवू नका. मनगटावरच असू द्या. महिनोन्‌महिने वापरायचे नसेल, तर अर्धे भरून गार जागी ठेवा. अगदी रिकामे मात्र ठेवू नका.