जनुकांच्या खुणा आणि नोंदवहीचे शास्त्र



संस्थेच्या शिक्षक मेळाव्यात मी केलेले भाषण स्मरणिकेत द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. बोलताना फळ्यावर काढलेले कोष्टक येथे कागदावर उतरविले आहे, एवढाच काय तो फरक. मी बी.ए., बी.एड.; वर्गात इतिहास व मराठी शिकवितो. मग जीवशास्त्र आणि संगणक यांच्या सीमेवरचा हा विषय मी का घेतला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. हा विषय जितका प्रयोगशाळेचा आहे तितकाच दप्तराचा, म्हणजे नोंदी कशा ठेवाव्यात याचा आहे. आणि दप्तर तर आम्हा शिक्षकांच्या पाचवीलाच पुजलेले आहे.

दहावीच्या विज्ञान भाग २ च्या पहिल्याच प्रकरणात ‘प्रतिलेखन’ हा शब्द येतो. डीएनएवरील मजकुराची नक्कल आरएनएवर उतरते, ती क्रिया म्हणजे प्रतिलेखन. पण येथे चौकस विद्यार्थी एक प्रश्न विचारतोच. शरीरातील बहुतेक सर्व पेशींत जर एकच डीएनए असेल, तर डोळ्याची पेशी डोळ्याची आणि यकृताची पेशी यकृताची का? याचे उत्तर असे की, कोणते जनुक कोठे व केव्हा वाचायचे हे ठरविणारी काही प्रथिने असतात. डीएनएच्या अक्षरमाळेतील विशिष्ट छोट्या खुणांवर ती जाऊन बसतात आणि जवळचे जनुक चालू करतात किंवा थोपवून धरतात. यांना प्रतिलेखन घटक म्हणतात. माणसात असे घटक सुमारे १६०० आहेत.

ही खूण किती नाजूक असते याचे एक उदाहरण हिवतापाचे आहे. तांबड्या रक्तपेशींवर ‘डफी’ नावाचे एक प्रथिन असते. आपल्या देशात सर्रास आढळणाऱ्या व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाचा परजीवी याच प्रथिनाला धरून पेशीत शिरतो. ज्यांच्या पेशींवर डफी नाही त्यांना या हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते, असे १९७६ मध्ये लुई मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. पश्चिम आफ्रिकेतील बहुसंख्य लोक असेच आहेत. पण त्यांच्या शरीरात डफीचे जनुक तर शाबूत असते! हे कोडे १९९५ मध्ये उलगडले. फरक जनुकात नव्हता, त्याच्या आधीच्या भागातील एका अक्षरात होता. तेथे ‘गाटा-१’ नावाच्या प्रतिलेखन घटकाची ‘जी-ए-टी-ए’ ही खूण असते. तिच्या जागी ‘जी-जी-टी-ए’ झाले होते. त्यामुळे गाटा-१ तेथे बसत नाही आणि तांबड्या पेशींच्या घडणीत ते जनुक वाचलेच जात नाही. अन्य पेशींत मात्र ते वाचले जाते. अब्जावधी अक्षरांच्या पोथीत एक अक्षर बदलले आणि माणसाला एका तापापासून अभय मिळाले.

तेव्हा कोणत्या प्रथिनाची खूण कोणती, याची खात्रीची नोंद हवी. अडचण अशी की खूण एकाच ठरावीक स्पेलिंगची नसते. एखाद्या जागी अक्षर पक्के असते, तर दुसऱ्या जागी थोडीफार सूट असते. म्हणून शास्त्रज्ञ ते प्रथिन ज्या ज्या तुकड्यांवर बसले ते तुकडे एकाखाली एक मांडतात आणि प्रत्येक जागी कोणते अक्षर किती वेळा आले ते मोजतात. आपण हजेरीपटाची बेरीज करतो तशीच ही बेरीज. ‘अर्न्ट’ नावाच्या उंदरातील प्रथिनाचे कोष्टक पाहा. तुकडे २० आणि जागा ६ आहेत.

ए : ४, १९, ०, ०, ०, ०
सी : १६, ०, २०, ०, ०, ०
जी : ०, १, ०, २०, ०, २०
टी : ०, ०, ०, ०, २०, ०

कोणताही उभा स्तंभ घ्या, बेरीज २० च येईल. पहिल्या जागी १६ वेळा सी आणि ४ वेळा ए. तिसऱ्या जागी मात्र २० पैकी २० वेळा सी. एकूण आकडे चोवीस. यालाच त्या प्रथिनाचे बंधन-प्रोफाइल म्हणतात.

नवा तुकडा तपासायचा तर या आकड्यांवरून गुण देतात. चार अक्षरांपैकी एखादे केवळ योगायोगाने येण्याचे प्रमाण ०.२५ धरले, तर पहिल्या जागचा सी ०.८ म्हणजे ३.२ पट, त्याचा २ या पायाचा लॉगॅरिथम सुमारे १.६८. तिसऱ्या जागचा सी ४ पट, म्हणून गुण २. पहिल्या जागी ए आला तर गुण उणे ०.३२. सर्व जागांच्या गुणांची बेरीज म्हणजे त्या तुकड्याचा निकाल.

शून्याचे काय करायचे? शून्याचा लॉगॅरिथम निघत नाही. शिवाय २० तुकड्यांत एखादे अक्षर दिसले नाही, याचा अर्थ ते कधीच येणार नाही असा होत नाही. म्हणून गुण काढताना प्रत्येक घरात एक लहानशी रक्कम मिळवतात. ती किती मिळवायची हा अभ्यासकाचा निर्णय असतो, आणि तो बदलू शकतो.

माझ्या मते येथेच नोंदवहीची खरी कसोटी लागते. वहीत लिहावे काय? मोजलेले आकडे, की त्यांवरून काढलेले गुण? काढलेले गुण लिहिले तर पुढच्या माणसाचे काम वाचते, हे खरे. परंतु ०.८ हा अपूर्णांक २० पैकी १६ वरून आला, ५ पैकी ४ वरून की २००० पैकी १६०० वरून, हे कायमचे पुसले जाते. पाच तुकड्यांवरचा निष्कर्ष आणि दोन हजारांवरचा निष्कर्ष एकाच पंगतीला बसतात. मूळ आकडे ठेवले तर अपूर्णांक व गुण केव्हाही काढता येतात. उलट दिशेचा रस्ता मात्र बंद आहे. गुणपत्रकावर नुसती टक्केवारी छापून उत्तरपत्रिकेचे गुण फेकून देणाऱ्या शाळेला आपण काय म्हणू?

या कोष्टकांचा एक जुना संग्रह जर्मनीत एडगर विंगेंडर यांनी १९८८ पासून केला. तो ‘ट्रान्सफॅक’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची अद्ययावत आवृत्ती पुढे शुल्क भरून घ्यावी लागू लागली. २००४ मध्ये ‘जॅस्पर’ हा दुसरा संग्रह सर्वांसाठी मोफत खुला झाला. आरंभी त्यात १११ प्रोफाइल होती. आज मुख्य विभागातच दोन हजारांहून अधिक आहेत. ट्रान्सफॅकचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याच्या खिशात पैसे नाहीत अशा विद्यार्थ्याने कोणाच्या दारात जावे, हा प्रश्न जॅस्परने निकालात काढला.

जॅस्परने आपली कोष्टके ठेवली ती रिलेशनल डेटाबेसमध्ये. हा शब्द ऐकून बिचकू नये. एडगर कॉड हे आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनशाळेत होते. जून १९७० मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, तक्ते एकमेकांशी क्रमांकाने जोडा, आणि माहिती मागणाऱ्याला ती पेटीच्या कोणत्या कप्प्यात आहे हे ठाऊक असण्याची गरज ठेवू नका, हा त्यातील विचाराचा गाभा. १९८१ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आपल्या दाखल-खारीज रजिस्टरचाच विचार करा. मुलाला एक रजिस्टर नंबर मिळतो. त्याचे नाव, जन्मतारीख तेथे एकदाच लिहिलेली असते. परीक्षेचे गुण, फी, शिष्यवृत्ती यांच्या वह्या वेगळ्या. त्यांत नंबर घातला की पुरे. अब्दुल नावाची पाच मुले असली तरी गोंधळ होत नाही. मूल शाळा सोडून गेले तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत.

जॅस्परचेही असेच. पहिल्या तक्त्यात प्रोफाइलचा अंतर्गत क्रमांक, संग्रहाचे नाव, मूळ ओळख-क्रमांक, आवृत्ती आणि प्रथिनाचे नाव असते. अर्न्टचा ओळख-क्रमांक ‘एमए०००४’, आवृत्ती १; दोन्ही मिळून ‘एमए०००४.१’. दुसऱ्या तक्त्यात आकडे असतात, पण वर छापले तसे चौकटीत नव्हेत. तेथे एका आकड्याला एक ओळ असते: अंतर्गत क्रमांक, अक्षर, जागा, संख्या. म्हणजे अर्न्टच्या चोवीस आकड्यांच्या चोवीस ओळी. एवढा पसारा कशासाठी? कारण खुणांची लांबी सारखी नसते. कोणाची सहा अक्षरे, कोणाची वीस. सहा जागांचा तक्ता आखला तर वीसवाला मावत नाही; वीसचा आखला तर सहावाल्याची चौदा घरे रिकामी पडतात. एकेक आकडा एकेका ओळीत ठेवला की दोघेही सुखाने नांदतात.

यात एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. कॉड यांच्या पद्धतीत ओळींच्या क्रमाला काही अर्थ नसतो. त्या कोणत्याही क्रमाने परत येऊ शकतात. आपल्या खुणेत तर क्रम हाच प्राण. म्हणून कितवी जागा, हे प्रत्येक ओळीत लिहावेच लागते आणि परत मागताना जागेप्रमाणे लावून मागावे लागते. कोणी हे विसरला तर यंत्र तक्रार करणार नाही. तेच चोवीस आकडे मिळतील, बेरीजही बरोबर येईल, फक्त खूण भलत्याच प्रथिनाची होईल. चूक दाखविणारी चूक परवडली, ही नाही.

उरलेले तीन तक्ते थोडक्यात सांगतो. एकात प्राण्याचा क्रमांक असतो. माणूस ९६०६, घरातला उंदीर १००९०. एकात प्रथिनाचा क्रमांक. हे दोन वेगळे ठेवण्याचे कारण असे की काही प्रोफाइल दोन प्रथिनांच्या जोडीची असतात, जसे गाटा-१ व टाल-१; पहिल्याच तक्त्यात प्रथिनासाठी एकच घर ठेवले असते तर दुसऱ्याला कोठे बसविणार? तिसऱ्यात शेरे: प्रयोग कोणत्या पद्धतीचा, कोणत्या लेखातून घेतला, प्रथिनाचे घराणे कोणते. शेऱ्याचे नाव व शेरा अशी ही दोन रकान्यांची सोय लवचीक खरी, पण मला ती थोडी धोक्याची वाटते. एकाच गोष्टीचे नाव दोघांनी दोन प्रकारे लिहिले की शोधताना अर्धी माहिती निसटते. आमच्याकडे आडनाव एका वहीत ‘शेख’ आणि दुसरीत ‘शेक’ झाल्यावर काय होते, हे कारकुनाला विचारा.

आता मागणी कशी करायची? ‘अर्न्ट नावाच्या प्रोफाइलचा अंतर्गत क्रमांक शोध, त्या क्रमांकाच्या सर्व ओळी आकड्यांच्या तक्त्यातून आण, जागेप्रमाणे लाव.’ बस्स. ‘पृष्ठवंशीय प्राण्यांतील सर्व प्रोफाइल आण’ म्हटले तर शेऱ्यांचा तक्ता पहिल्याशी जोडायचा. ‘प्रत्येकाची शेवटची आवृत्ती दे’ म्हटले तर मूळ क्रमांकागणिक सर्वांत मोठा आवृत्ती-अंक घ्यायचा. ज्यांनी ही वही आखली त्यांनी असे प्रश्न ऐकलेही नसतील, तरी तक्ते उत्तर देतात.

आवृत्तीबद्दल दोन शब्द अधिक बोलतो. गाटा-१ चे प्रोफाइल ‘एमए००३५’ या क्रमांकाचे. नवे, अधिक तुकड्यांचे प्रयोग झाले तशा त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या. पण जुनी आवृत्ती खोडली नाही. जुन्या आवृत्तीवर विसंबून कोणी लेख लिहिला असेल तर आजही तोच आकडा समोर ठेवून तो तपासता येतो. आपल्याकडे जन्मतारखेच्या दुरुस्तीलाही आधी वरिष्ठांचा आदेश लागतो, आणि जुनी नोंद वाचता येईल अशीच राहावी लागते. त्या नियमाला आपण कटकट म्हणतो खरे.

हे कोष्टक सर्वज्ञ नाही, हेही सांगितले पाहिजे. सहा अक्षरांचा एखादा शब्द केवळ योगायोगाने सरासरी ४०९६ अक्षरांत एकदा येतो. मानवी डीएनए सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. म्हणजे अशा शब्दाच्या सात लाखांवर जागा निघतात. त्यांतील बहुतेक ठिकाणी प्रथिन प्रत्यक्षात काही करीत नाही. २००४ मध्ये वॅसरमन व सँडेलिन यांनी या अडचणीला ‘व्यर्थतेचा सिद्धांत’ असे काहीसे खट्याळ नाव दिले. कोष्टक संशयित दाखविते. गुन्हा सिद्ध करायला प्रयोगच लागतो.

तरीही संशयित नेमका मिळणे किती मोलाचे! विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलने पोळलेली घरे आहेत. या आजारावर डीएनए कापून केलेल्या पहिल्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटनने व अमेरिकेने मान्यता दिली. त्यात कात्री चालते ती आजाराच्या जनुकावर नव्हे. बीसीएल-११-ए नावाच्या दुसऱ्याच जनुकाचे नियंत्रण करणाऱ्या भागात, गाटा-१ च्या खुणेवर. ती खूण मोडली की तांबड्या पेशींच्या घडणीत ते जनुक मंदावते आणि गर्भावस्थेतील निरोगी हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर लावली गेली. नंदुरबारच्या बापाने तो आकडा ऐकून काय करावे, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

गाटा-१ चे कोष्टक मात्र फुकट आहे. आपल्या शाळेच्या संगणक कक्षातील साध्या यंत्रावरही जॅस्परची संपूर्ण फाइल उतरवून घेता येते. ती एस्क्यूलाइट या मोफत प्रणालीत उघडते. अकरावीच्या मुलांना प्रथम अर्न्टच द्यावे, कारण चोवीस ओळी एका पडद्यावर मावतात. ओळी आल्या की त्यांना वहीवर चौकट आखायला सांगावी, आणि प्रत्येक उभ्या स्तंभाची बेरीज २० येते का ते हाताने तपासू द्यावे.