मरुभूमींतील धांवपट्टी

विमानतळ म्हटला कीं मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें सांताक्रूझचें दृश्य उभें राहतें. दोन मैलांहून अधिक लांबीची पक्की धांवपट्टी, रात्रीं दुतर्फा लागलेले दिवे, मनोऱ्यांत बसून प्रत्येक विमानास आज्ञा देणारे अधिकारी, आगीचे बंब, इंधनाचे सांठे असा सारा सरंजाम तेथें सज्ज असतो. आज ज्या धांवपट्टीची हकीकत सांगण्याचें मीं योजिलें आहे, तिच्यापाशीं यांपैकीं एकही गोष्ट नाहीं.

ही धांवपट्टी अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत आहे. 'डेथ व्हॅली' म्हणजे मृत्यूचें खोरें, या नांवाचें तेथें एक विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान आहे. त्यांतील फर्नेस क्रीक या ठिकाणीं १० जुलै १९१३ रोजीं ५६.७ अंश सेल्सिअस इतक्या तपमानाची नोंद झाली. हवेच्या उष्णतेचा जागतिक उच्चांक म्हणून ती आजही मानली जाते. याच उद्यानाच्या वायव्य भागांत 'सलाइन व्हॅली' म्हणजे खारें खोरें आहे. १९९४ सालीं तें उद्यानांत समाविष्ट झालें. त्याच्या पश्चिमेस इन्यो पर्वताची भिंत उभी आहे. तिचीं उंच शिखरें ११,००० फुटांवर गेलीं आहेत, आणि खोऱ्याचा तळ मात्र अवघ्या हजार-अकराशें फुटांवर आहे. या तळांतील मीठ बाहेर नेण्यासाठीं १९११ ते १९१३ या काळांत पर्वताच्या माथ्यावरून तेरा मैलांहून लांब असा तारेवरच्या पाळण्यांचा मार्ग उभारावा लागला, यावरून हा मुलूख किती दुर्गम आहे याची कल्पना येईल.

या खोऱ्यांत आपल्या वज्रेश्वरीसारखे उष्णोदकाचे झरे आहेत, आणि झऱ्यांपासून जवळच माती व खडे यांची एक अरुंद पट्टी आखलेली आहे. तिची लांबी दीड हजार फुटांहूनही कमी. लहान विमानें बाळगणारे हौशी वैमानिक येथें उतरतात, झऱ्यांत स्नान करतात, रात्रीं उघड्या आकाशाखालीं निजतात आणि दुसरे दिवशीं परत जातात. या पट्टीचें नांव 'चिकन स्ट्रिप'. इंग्रजी बोलींत भित्र्या माणसास 'चिकन' म्हणून हिणवितात. परंतु या पट्टीवर जाणाऱ्यानें तें विशेषण आनंदानें पत्करावें, हेंच मला आज सांगावयाचें आहे. हें ज्ञान मला पुस्तकांतून झालें नाहीं. तें कसें झालें तें पुढें सांगतों.

प्रथम हवेचा स्वभाव पाहूं. तापलेली हवा प्रसरण पावते व विरळ होते, हें आपण शाळेंत शिकलों. विमानाच्या दृष्टीनें याचा अर्थ फार गंभीर आहे. पंखांना उचलून धरणारी हवाच; एंजिनांत पेट्रोल जाळणारीही हवाच; आणि पुढचा पंखा ज्या हवेला मागें लोटून विमान ओढतो, तीही हवाच. ती विरळ झाली म्हणजे विमान एकाच वेळीं तिन्ही बाजूंनीं दुबळें होतें. वैमानिकांचा ठोकताळा असा कीं, त्या उंचीवर जें तपमान सामान्य धरलेलें आहे, त्यापेक्षां दर अंशामागें धांवपट्टी सुमारें १२० फूट उंच गेली असें समजावें. चिकन स्ट्रिप समुद्रसपाटीपासून सुमारें १,४०० फुटांवर आहे. तेथें सामान्य तपमान १२ अंश. एखाद्या दुपारीं पारा ३८ अंशांवर गेला, तर फरक २६ अंशांचा झाला. म्हणजे विमानाच्या लेखीं ती पट्टी १,४०० फुटांवर राहिलीच नाहीं. ती ४,५०० फुटांवर गेली. कोणी तरी ती उचलून महाबळेश्वरच्या उंचीवर नेऊन ठेवावी, तसें हें होतें. डोळ्यांना मात्र यांतलें कांहींच दिसत नाहीं. पट्टी तीच, विमान तेंच, माणसेंही तींच.

यांत आणखी एक फसवणूक आहे. विरळ हवेंत विमानाचा खरा वेग वेगदर्शकाच्या कांट्यापेक्षां अधिक असतो. उतरतांना जमीन नेहमींपेक्षां भराभर मागें पळतांना दिसते, आणि आपण फार वेगानें येत आहों अशा समजुतीनें नवशिका विमानाचा वेग कमी करतो. पंखांचा आधार सुटावयास तेवढें पुरे होतें. अशा वेळीं विश्वास डोळ्यांवर न ठेवतां कांट्यावर ठेवावा लागतो.

आतां पर्वत ओलांडण्याचा प्रश्न. डोंगरावर आदळणारा वारा वाऱ्याकडील उतारावरून वर चढतो व पलीकडील बाजूस धबधब्यासारखा खालीं कोसळतो. त्या कोसळत्या हवेंत सांपडलेलें लहान विमान पूर्ण शक्ति लावूनही वर चढत नाहीं. म्हणून माथ्यावरून निदान २,००० फूट उंची राखून जावें, आणि माथ्याकडे सरळ न जातां तिरकस जावें. म्हणजे हवा खालीं ओढूं लागतांच थोड्याशा वळणानें सखल प्रदेशाकडे निसटतां येतें. माथ्यावर वारा जोराचा असेल तर त्या दिवशीं निघूंच नये. या खोऱ्यांवर लष्कराचीं लढाऊ विमानेंही सरावासाठीं कमी उंचीवरून फार वेगानें जातात. म्हणून दिवे लावून, आपलें ठिकाण रेडिओवर वारंवार सांगत जाणें शहाणपणाचें.

पट्टी दिसली म्हणजे लगेच उतरण्याची घाई करूं नये. आधीं उंचावरून एक फेरी, मग खालून दुसरी. शेवटच्या पावसानें पट्टीवर घळ पडली आहे काय? वाटेंत मोठे दगड आहेत काय? या खोऱ्यांत मोकाट गाढवें फिरतात. त्यांतलें एखादें पट्टीवर उभें नाहीं ना? धुरळा कोणीकडे उडतो आहे? भर दुपारीं सूर्य डोक्यावर असतांना खळग्यांना सावली नसते, त्यामुळें वाईट पट्टीही सपाट भासते. सकाळच्या तिरप्या उन्हांत प्रत्येक खळगा आपली सावली टाकून स्वतःला उघडा पाडतो. मरुभूमींत सकाळीं उतरावें याचें एक कारण थंड हवा हें आहे, आणि दुसरें या सावल्या.

उतरतांना वैमानिक दोन खुणा मनांत धरतो. एक, जेथें चाकें टेंकलींच पाहिजेत ती. आणि दुसरी, जेथवर सारें मनासारखें नसेल तर एंजिनाला पूर्ण शक्ति देऊन पुन्हां वर जावयाचें ती. ही दुसरी खूण जमिनीवर असतांनाच, शांतपणें, कागदावर ठरवावी लागते. विमान खालीं येत असतां मन तडजोडीला तयार होतें. "एवढ्यानें काय होणार" असें तें म्हणूं लागतें. तें म्हणूं लागण्यापूर्वींच निर्णय झालेला असावा.

उतरण्याबद्दल इतकें बोललों. परंतु खरी परीक्षा उतरण्यांत नाहीं, निघण्यांत आहे. पुष्कळ विमानें अशीं आहेत कीं जीं आंखूड पट्टीवर उतरूं शकतात, पण त्याच पट्टीवरून त्याच भारासह उडूं शकत नाहींत. विहिरींत उडी टाकतांना कोणी बळ मोजीत नाहीं. तें वर येतांना मोजलें जातें.

नोकरीनिमित्त मी कॅलिफोर्नियांत असतां आम्हीं चौघांनीं भागीदारींत एक जुनें चार आसनांचें विमान घेतलें होतें. एप्रिल अखेरच्या एका शनिवारीं एका मित्रासह मी चिकन स्ट्रिपवर गेलों. सकाळची थंड हवा, स्वच्छ आकाश. उतरणें इतकें सुरेख झालें कीं मला स्वतःचा अभिमान वाटला. रविवारीं पहाटे निघावयाचें ठरलें होतें. परंतु झऱ्यांचा मोह, नव्या ओळखी, चहा, गप्पा, यांत दोन प्रहर टळून गेले. मित्राला सोमवारीं सकाळीं कामावर हजर राहणें भाग होतें. मीं तपमान पाहिलें. तें ३४ अंश होतें. पुस्तकांतील कोष्टक पाहिलें. तें नव्या एंजिनासाठीं आणि कसलेल्या हातांसाठीं होतें. "थोडें अधिक धांवावें लागेल, इतकेंच," असें मी मित्राला म्हणालों. तो विश्वासानें माझ्या शेजारीं बसला.

माझ्या शिक्षकांनीं एक नियम मला घोकून घ्यावयास लावला होता. पट्टीच्या मध्यावर दगडांची खूण करावी. त्या खुणेपर्यंत उड्डाणास लागणाऱ्या वेगाच्या शेंकडा सत्तर वेग आला नाहीं, तर एंजिन बंद करून थांबावें. यामागील गणित साधें आहे. एकसारख्या जोरानें धांवणाऱ्या वस्तूच्या वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणांत वाढतो. आणि सत्तरांशाचा वर्ग जवळजवळ निम्मा येतो. अर्ध्या पट्टींत सत्तर टक्के झालें नाहीं, तर उरलेल्या अर्ध्यांत शंभर टक्के होणार नाहीं. मध्यावर थांबलेल्याला पुढें अर्धी पट्टी शिल्लक असते. शेवटास थांबणाऱ्याला पुढें दगडच असतात.

विमान सुटलें. खडे चाकांखालीं करकरूं लागले. मध्यावरची खूण जवळ आली तेव्हां कांटा साठ टक्क्यांच्या आसपास घुटमळत होता. त्या एका क्षणांत मनानें काय काय सांगितलें म्हणून सांगूं! आतां वेग येईलच; पुढें उतार लागेल; झऱ्यांवरचे लोक पाहत आहेत, ते हंसतील. माझा हात मात्र शिक्षकांच्या धाकानें आपोआप मागें आला. एंजिन मंदावलें. विमान पट्टीच्या अखेरच्या झुडपांपासून थोड्या अंतरावर धुरळ्यांत उभें राहिलें. आम्ही दोघेही बराच वेळ कांहीं बोललों नाहीं.

मग आम्हीं विमान मागें आणलें, दोर बांधले, आणि ती रात्र तेथेंच काढली. पहाटे चौदा अंशांत, दोघांचें अवजड सामान मोटारीनें जाणाऱ्या एका सज्जनाच्या हवालीं करून, आम्ही पुन्हां निघालों. मध्यावर कांटा सत्तरांच्या पुढें होता. तेंच विमान, तीच पट्टी. बदलली होती ती फक्त हवा आणि भार. मित्राचा एक दिवसाचा पगार बुडाला. त्याच्या आईनें पुढें एकदां भेटींत मला विचारलें, "बाबा, फार धोका होता का रे?" मीं "नाहीं" म्हणून सांगितलें. तें अर्धेंच खरें होतें.

मरुभूमीचा आणखी एक धडा फार जुना आहे. १९३३ च्या एप्रिलांत इंग्लंडहून केप टाउनकडे विक्रमासाठीं निघालेला वैमानिक विल्यम लँकॅस्टर थकलेल्या स्थितींत, रात्रीच्या अंधारांत, सहारा ओलांडावयास निघाला आणि एंजिन बिघडून कोसळला. तो विमानापाशींच थांबला, रोजनिशी लिहीत राहिला, आणि सुमारें आठ दिवसांनीं तहानेनें मरण पावला. त्याचें विमान व देह १९६२ सालीं एका फ्रेंच लष्करी तुकडीला सांपडले. उलट, फ्रेंच लेखक व वैमानिक सेंत-एक्झ्युपेरी हा पॅरिस ते सायगाव जात असतां ३० डिसेंबर १९३५ रोजीं आपल्या यंत्रज्ञासह लिबियाच्या मरुभूमींत कोसळला. ते दोघे विमान सोडून चालत निघाले, आणि प्राण कंठाशीं आले असतां एका अरब उंटस्वारानें त्यांना वांचविलें. थांबलेला मेला आणि चाललेले वांचले; मग थांबावें कीं चालावें? माझ्या मतें दोघांचेंही संकट एकच होतें: ते नेमके कोठें आहेत हें कोणासही ठाऊक नव्हतें.

आज हें संकट टाळतां येतें. उपग्रहांच्या द्वारें संकटसंदेश झेलणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेनें १९८२ सालीं पहिल्यानें माणसांचे प्राण वांचविले. आतां मुठींत मावेल एवढें यंत्र आपलें ठिकाण शोधपथकांना कळवितें. तें जवळ असेल तर विमानापाशींच थांबावें, कारण वरून पाहणाऱ्याला माणसापेक्षां विमान लवकर दिसतें आणि त्याच्या पंखांखालीं सावली मिळते. तें यंत्र खिशांत असावें, सामानांत नव्हे. दरडोई दररोज निदान एक गॅलन, म्हणजे सुमारें चार लिटर, पाणी विमानांत असावें. आणि निघण्यापूर्वीं घरीं कोणास तरी सांगून ठेवावें: अमुक वाटेनें जातों, अमुक वेळीं परत येईन, न आलों तर अमुक ठिकाणीं कळवा. यंत्र बिघडेल, परंतु वाट पाहणारें माणूस गप्प बसत नाहीं.

श्रोतेहो, धाडस ही मोठी गोष्ट आहे खरी. पण त्या रविवारीं दुपारीं मला जें धाडस वाटलें तें केवळ आळस आणि भीड होतें. पहाटे उठण्याचा आळस, आणि लोक हंसतील ही भीड. चिकन स्ट्रिपवर मी त्यानंतरही गेलों. त्यांपैकीं दोन वेळां पट्टी डोळ्यांनीं पाहून, वारा न आवडल्यामुळें, न उतरतांच परत आलों. त्या दोन्ही दिवशीं संध्याकाळीं घरीं जेवतांना मला कसलीही खंत वाटली नाहीं.