भूक, वजन आणि इन्सुलिन
टाईप-१ मधुमेह असलेल्या मुलांची शेतकरी कुटुंबात घ्यावयाची काळजी

(भोर-वेल्हे भागातील भात उत्पादकांच्या मेळाव्यात, लावणीपूर्वी केलेल्या भाषणाचा मजकूर)



लावणी तोंडावर आली आहे. तरवा तयार होत आला आहे. अशा वेळी मी भाताच्या खतमात्रेवर बोलावे ही आपली अपेक्षा रास्त आहे, आणि तो विषय मी दुपारच्या सत्रात घेणारच आहे. परंतु गेल्या वर्षी याच मेळाव्यानंतर एक भगिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, पोरगं चार माणसांचं खातंय अन् काटकीवाणी वाळत चाललंय. बाहेरचं काही असंल का?" मी एवढेच विचारले, "पाणी फार पितो का? रात्री लघवीला उठतो का?" दोन्हीचे उत्तर 'होय' आले. त्याच दिवशी मुलाला तालुक्याला नेले, तेव्हा रक्तातील साखर चारशेच्या वर निघाली. आज तो मुलगा इन्सुलिन घेतो, शाळेत जातो आणि कबड्डीही खेळतो.

तो प्रश्न माझ्या ओळखीचा होता. बी.एस्सी. कृषीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी स्वतः त्याच वाटेने गेले. दोन महिन्यांत माझे वजन ५२ किलोवरून ४१ किलोवर आले. एका दवाखान्यात टॉनिक लिहून दिले, घरी आजीने तूप-भात वाढविला. लघवी किंवा रक्त मात्र कोणी तपासले नाही. शेवटी उलट्या सुरू होऊन शुद्ध हरपली तेव्हा मला पुण्याला हलवावे लागले. तेव्हापासून सतरा वर्षे मी इन्सुलिनवर आहे. म्हणून आज थोडा वेळ या विषयासाठी मागून घेते.

भरपूर खाऊनही वजन का उतरते?

आपल्या खाचरात जस्ताची कमतरता असली की भातावर खैरा रोग दिसतो. पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके पडतात, पीक खुजे राहते. अशा खाचरात युरियाची आणखी एक गोणी टाकली तरी पीक उभारी धरीत नाही. खत जमिनीत असते, पण ते कामी लावणारी थोडीशी वस्तू नसते. हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट मिळाले की तेच पीक सावरते.

टाईप-१ मधुमेहात असेच घडते. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवरच हल्ला करून त्या नष्ट करते. यात आईवडिलांचा किंवा खाण्यातल्या गोडाचा दोष नसतो. इन्सुलिन नसल्यामुळे रक्तातील साखर स्नायूंच्या पेशींत शिरू शकत नाही. रक्तात साखर भरपूर असूनही पेशी उपाशी राहतात आणि म्हणून भूक वाढते. साखर १८० मिलिग्रॅमच्या आसपास गेली की ती लघवीतून वाहू लागते. दिवसाला १०० ग्रॅम साखर अशी वाहून गेली तर ४०० कॅलरी गेल्या, म्हणजे सुमारे सव्वाशे ग्रॅम नाचणीच्या पिठाची ताकद वाया गेली. बांध फुटलेल्या खाचरात पाणी सोडण्यासारखाच हा प्रकार आहे. मग शरीर स्वतःची चरबी आणि मांस जाळू लागते. चरबी जळताना तयार होणारी आम्ले रक्तात साठली की उलट्या, पोटदुखी, खोल श्वास आणि तोंडाला फळासारखा वास ही लक्षणे दिसतात. अशा वेळी एक रात्रही थांबू नये. मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

इन्सुलिनपूर्वीचे दिवस

इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी लावला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे हाच मोठ्या डॉक्टरांचाही उपाय होता. त्यामुळे काही महिने आयुष्य लांबत असे, पण मूल हाडांचा सापळा होई. आज इन्सुलिन असताना मधुमेहाच्या नावाखाली वाढत्या मुलाला अर्धपोटी ठेवण्याचे काहीच कारण नाही. मूल पोटभर जेवावे आणि त्या जेवणाला पुरेल इतके इन्सुलिन मिळावे, असा आजचा मार्ग आहे.

इन्सुलिन सुरू झाल्यावर वजन वाढते, ते का?

पहिल्या काही आठवड्यांत वजन झपाट्याने वाढते. वाहून जाणारी साखर थांबते, गेलेले पाणी व मांस परत येते. हे वजन हक्काचे आहे; ते पाहून घाबरू नये. मात्र त्यापुढेही वजन वाढतच राहिले, तर तीन कारणे तपासावीत. पहिले, आजारपणात लागलेली चार भाकरींची सवय तशीच राहिली असेल. दुसरे, इन्सुलिनची मात्रा गरजेपेक्षा जास्त होऊन साखर वारंवार उतरत असेल आणि ती चढविण्यासाठी सतत खावे लागत असेल. तिसरे, साखर उतरेल या भीतीने घरचे लोक मुलाला उगाच खाऊ घालत असतील. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बीटा पेशी इन्सुलिनबरोबर ॲमिलिन नावाचे संप्रेरकही तयार करतात, आणि ते पोट भरल्याची जाणीव देण्यास मदत करते. टाईप-१ मध्ये तेही राहत नाही. तेव्हा जेवूनही भूक लागते म्हणणारे मूल हावरट आहे असे समजून त्याला टोचून बोलू नये.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. इन्सुलिननंतर माझे वजन ६० किलो झाले. घरात स्थळे पाहण्याचे बोलणे सुरू होते आणि 'पोरगी जाड झाली' हे शब्द माझ्या कानावर आले. मी कोणाला न सांगता संध्याकाळचे इंजेक्शन चुकवू लागले. वजन उतरले, लोकांनी कौतुकही केले. तीन आठवड्यांनी मी पुन्हा रुग्णालयात दाखल झाले. शेतीशास्त्र शिकलेली मुलगी ही चूक करते, तर शाळकरी मुलगी करणार नाही कशावरून? इन्सुलिन चुकवून उतरलेले वजन म्हणजे शरीराची नासाडी होय. त्यातून डोळे आणि मूत्रपिंडे लवकर बिघडतात, प्रसंगी जीवही जातो. आपल्या मुलीच्या अंगावरून बोलण्यापूर्वी प्रत्येक घराने याचा विचार करावा. वजन कमी करायचेच असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आहार व मात्रा दोन्ही बसवून ते सावकाश करता येते.

भूक कशाची आहे ते आधी तपासा

या आजारात भूक दोन उलट कारणांनी लागते. साखर फार वाढली तरी लागते आणि फार उतरली तरी लागते. उतरलेल्या साखरेच्या भुकेबरोबर हातपाय थरथरणे, घाम, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे असतात. म्हणून अवेळी भूक लागली की आधी बोटाच्या थेंबावर साखर तपासावी.

साखर ७० पेक्षा कमी असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. तरीही कमी असेल तर तेवढीच पुन्हा द्यावी. अशा वेळी पेढे किंवा लाडू देऊ नयेत. त्यातील तुपामुळे साखर चढण्यास वेळ लागतो आणि पोटात अन्न जास्त जाते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने दवाखाना गाठावा. साखर फार चढलेली असेल, तर त्या वेळची भूक भाकरीने भागणार नाही. पाणी द्यावे, इन्सुलिन चुकले का ते पाहावे आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मात्रा द्यावी.

ताट कसे असावे?

आपल्या भागात इंद्रायणीचा भात रोज शिजतो. हा वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झाला. भात सोडण्याची गरज नाही. तो मापून खाण्याची गरज आहे. मध्यम वाटीभर, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २५ ते ३० ग्रॅम पिष्ट असते. ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीत ते सुमारे ३५ ग्रॅम असते. नाचणीत चुना व चोथा भरपूर असल्याने ती वाढत्या मुलांना उत्तम आहे. परंतु 'नाचणी खाल्ली की इन्सुलिन लागत नाही' हा समज घातक आहे. पातळ आंबिलीने तर साखर लवकर चढते.

पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून आधी उसळ किंवा भाजी, मग भात असा क्रम ठेवावा. पावटा, वाल, मटकी, अंडी, मासे आणि ताक यांनी भूक जास्त वेळ धरते. उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि वरई यांतही पिष्टच असते हे विसरू नये. उपवास असो की ताप, बराच वेळ काम करणारे इन्सुलिन कधीही स्वतःच्या मनाने बंद करू नये.

लावणीचे दिवस

दिवसभर चिखलात वाकून काम केले की स्नायू जास्त साखर ओढून घेतात आणि हा परिणाम रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. म्हणून लावणी सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून त्या दिवसांची मात्रा ठरवून घ्यावी. न्याहारी न करता खाचरात उतरू नये. साखरेची पुडी प्लॅस्टिकमध्ये बांधून कमरेला ठेवावी. शेजारी लावणी करणाऱ्या एका तरी माणसाला आजाराची कल्पना द्यावी. रात्री झोपण्यापूर्वी साखर जरूर तपासावी.

इन्सुलिन खराब झाले तरी साखर वाढते आणि वजन उतरते. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके ठेवावे. कुपी घट्ट डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवावी आणि वाळू रोज ओली करावी. ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांनी कुपी बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

नोंद ठेवा

आपण पिकाची उंची आणि फुटवे मोजतो, तसे मुलाचे वजन दर पंधरा दिवसांनी, एकाच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी करावे. उंची दर तीन महिन्यांनी मोजावी. ही वही डॉक्टरांकडे न्यावी. इन्सुलिन वेळेवर असूनही वजन उतरत असेल किंवा उंची खुंटली असेल, तर थायरॉईडची आणि गव्हातील प्रथिन न सोसणाऱ्या सिलिॲक विकाराची तपासणी करण्याविषयी विचारावे. हे दोन्ही विकार टाईप-१ बरोबर अधिक आढळतात. सिलिॲक निघालाच, तर आपले तांदूळ, नाचणी आणि वरई ही तिन्ही धान्ये चालतात. पुण्यात ससून रुग्णालय आहे, के.ई.एम. आणि जहांगीर रुग्णालयांतही या आजाराचे जाणकार डॉक्टर आहेत.

शेवटी एवढेच सांगते. आपल्या वाडीवस्तीवर एखादे मूल खूप खात असेल, खूप पाणी पीत असेल आणि तरी वाळत असेल, तर अंगारा-धुपारा किंवा टॉनिक यांत दिवस घालवू नका. त्याच दिवशी साखर तपासून घ्या. बोटाच्या एका थेंबाचे काम आहे. खैरा वेळेवर ओळखला तर पीक हाती लागते; इथे तर आपले लेकरू आहे.