मोर्चातील कॅमेरा : साक्षीदार आणि खबऱ्या



आज प्रत्येक मोर्चेकऱ्याच्या खिशात मोबाईलच्या रूपाने एक कॅमेरा असतो. तो केव्हा काढावा आणि केव्हा खिशातच ठेवावा, याचा विचार मोर्चा निघण्यापूर्वीच व्हावयास हवा. लाठी उगारली गेल्यावर त्यास सवड मिळत नाही.

चित्रणाचा लाभ उघड आहे. ४ जून २०२० रोजी अमेरिकेतील बफलो शहरात निदर्शनाच्या ठिकाणी पंचाहत्तर वर्षांचा एक वृद्ध रस्त्यावर कोसळला. तो अडखळून पडला, असे पोलिसांनी प्रथम जाहीर केले. परंतु एका रेडिओ केंद्राच्या वार्ताहराचे चित्रण प्रसिद्ध झाले आणि पोलिसांनीच त्यास ढकलल्याचे जगाने पाहिले. दोन पोलीस निलंबित झाले. तथापि, फेब्रुवारी २०२१ मध्ये ज्यूरीने त्यांच्यावर खटला चालविण्यास नकार दिला. चित्रणाने असत्य उघडे पडते. न्याय मिळतोच असे नाही.

शिवाय कॅमेऱ्यास पक्ष नसतो. जुलमाची साक्ष देणारे चित्रण मोर्चात कोण कोण होते, याची यादीही पुरविते. मार्च २०२० मध्ये गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की, दिल्लीच्या दंगलीतील अकराशेहून अधिक व्यक्तींची ओळख चेहरे जुळविणाऱ्या यंत्रणेने पटविली. त्यासाठी मतदार ओळखपत्रांवरील व वाहन-परवान्यांवरील छायाचित्रे वापरली गेली. दंगलखोरास शासन झालेच पाहिजे. पण जी यंत्रणा दंगलखोर हुडकते, ती शांतपणे घोषणा देणारा शिक्षक वा कारकूनही हुडकू शकते. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने शांततेने व निःशस्त्र जमण्याचा हक्क दिला आहे. नोकरीच्या भयाने माणूस घरीच बसला, तर त्या हक्काचा उपयोग काय?

म्हणून आमचे सांगणे एवढेच : कॅमेरा सत्तेच्या हाताकडे वळवा, सहकाऱ्याच्या चेहऱ्याकडे नव्हे. मूळ चित्रण काटछाट न करता जपा. जालन्याच्या निवडणूक खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्याच्या नकलेस प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती अट आहे. प्रसिद्धीसाठी वेगळी प्रत काढा, तीत चेहरे झाका आणि बालकांस वगळा.

आपल्या उतावळेपणाने एका सहकाऱ्याची भाकरी गेली, तर पुढच्या मोर्चास तो येणार नाही, त्याची आळीही येणार नाही. ती हानी कोणत्याही चित्रणाने भरून निघावयाची नाही.