पऱ्हाटी लाल पडली, काय मारू?

दसरा-दिवाळीच्या सुमाराला कपाशीच्या शेतातून एकच प्रश्न सारखा येतो. “साहेब, पऱ्हाटी लाल पडली, काय मारू?” माझं उत्तर ठरलेलं आहे. फवारणीचा पंप जरा बाजूला ठेवा आणि झाडाचं कोणतं पान लाल झालंय, ते आधी मला सांगा. खालचं, की शेंड्याचं?

खालची जुनी पानं शिरांच्या मधोमध पिवळी, मग लालसर होत असतील आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील, तर मॅग्नेशियमचा संशय घ्यायला जागा आहे. पानाच्या कडा लाल होऊन खाली वळल्या असतील, तर पान उलटून तुडतुडे बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर बहुधा लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात ती नेहमी दिसते. नत्र कमी पडलं, रात्री एकदम गारठल्या किंवा रानात पाणी साचलं, तरी लाल्या येतो. लाल्या म्हणजे एकच रोग नव्हे, हे मी अगदी कळकळीनं सांगतो, कारण त्या गैरसमजापायी दरवर्षी किती पैसा वाया जातो ते मी बघत आलो आहे.

आज बोलायचंय ते मॅग्नेशियमबद्दल. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. हरितद्रव्याची ही घडण उलगडणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर यांना 1915 साली नोबेल पारितोषिक मिळालं. पण मॅग्नेशियम म्हणजे फक्त पानाचा हिरवेपणा, असं समजू नका. झाडातलं बरंचसं मॅग्नेशियम हरितद्रव्याबाहेर दुसऱ्या कामांत गुंतलेलं असतं. त्यातलं एक काम फार मोलाचं आहे: पानात तयार झालेली साखर मुळांकडे आणि बोंडांकडे रवाना करणं. त्यासाठी जी ऊर्जा खर्च होते, ती मॅग्नेशियमशिवाय वापरताच येत नाही.

आता बघा, मॅग्नेशियम कमी पडलं की काय होतं. साखर पानातच अडकते. पान वरून हिरवंगार दिसत असतं, पण खाली मुळं उपाशी पडायला लागतात. उपाशी मुळांची वाढ खुंटते, आणि खुंटलेली मुळं मॅग्नेशियम आणखी कमी उचलतात. पानात तुंबलेल्या साखरेमुळे लाल रंगद्रव्य तयार व्हायला चालना मिळते. म्हणजे तुम्हाला पान लाल दिसतं, तेव्हा मुळांची उपासमार बरेच दिवस आधी सुरू झालेली असते.

मग झाड हे मॅग्नेशियम घेतं कसं? मुख्यतः पाण्याबरोबर. मातीतल्या ओलाव्यात विरघळलेलं मॅग्नेशियम पाण्याच्या ओढीनं मुळापाशी येतं. त्याच्या कणाभोवती पाण्याच्या रेणूंचं जाड वेष्टन असतं. त्यामुळे मातीचे कण त्याला घट्ट धरून ठेवू शकत नाहीत, आणि कोकणासारख्या धो धो पावसाच्या, आम्लधर्मी जमिनीतून ते सहज वाहून जातं. मुळाच्या पेशीभोवतीच्या पडद्यात त्याला आत घेणारी खास प्रथिनं असतात; त्यांना आपण दारं म्हणू. मॅग्नेशियमची टंचाई जाणवली की झाड यांतली काही दारं वाढवतं. आत आलेलं मॅग्नेशियमही मोजूनमापून ठेवलं जातं. पेशीरसात ते ठरावीक मर्यादेतच राहतं, जास्तीचं रिक्तिकेत साठवलं जातं. पेशीतली पाण्यानं भरलेली ती कोठीच म्हणा ना. आणि टंचाई वाढली, की जुन्या पानांतलं मॅग्नेशियम काढून नव्या पानांना दिलं जातं. म्हणून तर खालचं पान आधी बोलतं.

या दारांशी गर्दी मात्र फार असते. पालाश, अमोनियाच्या रूपातलं नत्र आणि कॅल्शियम हे सगळे मॅग्नेशियमच्या आड येतात. त्यातही पालाशाचा जोर मोठा. पालाश जास्त झालं की मॅग्नेशियम मागे पडतं. उलट मॅग्नेशियम जास्त झालं, तरी पालाशाला तेवढा धक्का बसत नाही. द्राक्ष बागायतदारांनी हे नीट ऐकावं. मणी फुगावेत, गोडी यावी म्हणून पालाशाचा मारा होतो आणि मग देठ परीक्षणात मॅग्नेशियम कमी दिसतं. मातीत ते असतं, वेलीला मिळत नाही. अशा बागेत मॅग्नेशियमच्या गोणीआधी पालाशाचा हात आवरा.

कपाशीत पहिलं काम वाफशाचं. साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढा. गुदमरलेल्या मुळाला खत टाकूनही ते उचलता येत नाही. कोरड्या रानातही तेच. ओलावाच नाही, तर मॅग्नेशियम मुळापाशी पोहोचणार कशानं? लक्षणं मॅग्नेशियमचीच असतील, तर 1 टक्का मॅग्नेशियम सल्फेट फवारा, म्हणजे 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम. ऊन उतरल्यावर फवारा, पानं दोन्ही बाजूंनी भिजू द्या. ठिबकमधून देत असाल, तर त्याच टाकीत कॅल्शियम नायट्रेट मिसळू नका. दोन्ही एकत्र आले की जिप्समचा साका खाली बसतो आणि ड्रीपर चोंदतात.

आणखी एक गोष्ट. फवारणीनंतर पूर्ण लाल झालेली पानं पुन्हा हिरवी होतील, अशी वाट बघू नका, ती गेली. आठ-दहा दिवसांनी त्यांच्या वरच्या दोन-तीन पानांकडे बघा. ती हिरवी राहिली असतील, तर औषध लागू पडलं. तीही लाल व्हायला लागली असतील, तर दुसरा पंप भरू नका. एक झाड मुळासकट उपटा आणि पांढरी मुळं किती उरली आहेत, ते आधी मोजा.